थांबायचंच असेल तर रांगेत थांबा

आठवडाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. थोडक्यात असा: मूल उशिरा बोललं तर घाबरू नका. आइन्स्टाइनही उशिराच बोलला. मुलगे उशिराच बोलतात, त्यात घरात दोन भाषा असल्या तर बघायलाच नको. तीन वर्षांपर्यंत थांबा. आधी गेलात तर डॉक्टर शिक्का मारतील आणि तो आयुष्यभर पुसला जाणार नाही. खाली हात जोडलेले, ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

आधी आइन्स्टाइन, कारण त्याला उगाच मध्ये ओढलंय. तो उशिरा बोलला हे खरं. पण १९५४ साली एका पत्रात त्यानंच लिहिलंय की आईवडील काळजीत पडले आणि डॉक्टरांकडेही गेले. म्हणजे मेसेज जे करू नका म्हणतो, नेमकं तेच त्यांनी केलं होतं.

मुलगे मुलींपेक्षा सरासरी थोडे मागे असतात, पण ते महिना-दोन महिन्यांनी. वर्षभराचा उशीर त्यात बसवता येत नाही. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे.

‘तीन वर्षांपर्यंत थांबा’ याच्यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते जास्त घातक. दोन वर्षांची असताना पन्नासपेक्षा कमी शब्द असलेली, दोन शब्द न जोडणारी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात. पण त्यातलं आपलं मूल कोणतं हे तोंडाकडे बघून कळत नाही. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं, २०२२ मध्ये विकासाच्या टप्प्यांची यादी बदलली. आता निदान ७५ टक्के मुलांना त्या वयात जे जमतं तेच यादीत ठेवलंय, म्हणजे पालकांनी आणि डॉक्टरांनी ‘बघू पुढे’ म्हणून सोडून देऊ नये. नुसते शब्दही बघायचे नसतात. हवं ते बोट करून दाखवतं का, हाक मारली की वळतं का, सांगितलेलं कळतं का? आणि येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, एक दिवसही थांबू नका. (वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत मूळ अपेक्षित तारखेपासून धरतात, हे लक्षात असू द्या.)

माझी लेक सव्वादोन वर्षांची होती. समोर उभं राहून बोललं की हसायची. ठोकळे रचत असताना मागून हाक मारली की ढिम्म. ‘खेळात गुंग आहे’ असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. जन्मल्यावर झालेल्या तपासणीत कान ‘पास’ झाले होते, त्यामुळे कानाचा विषय आमच्या डोक्यातून गेलाच होता. निघालं काय, तर दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेलं. ताप नाही, दुखणं नाही. पडद्याची हालचाल मोजणारी ती चाचणी मिनिटभराची, तिला रडूसुद्धा आलं नाही. जन्मतःची तपासणी त्या दिवसापुरती असते हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून बोलण्याची शंका आली की पहिली तपासणी कानाची.

आता शिक्का. चाळणी (म्हणजे कुणाला पुढे तपासायचं ते निवडणारी प्राथमिक तपासणी) आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी वापरतात. तिच्यात जास्त गुण आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही, पुढे नीट तपासायचं एवढंच. आणि बोलण्याची थेरपी सुरू करायला आजाराचं नाव ठरायलाच हवं असंही नाही. नाव पुढे ठरेल, बदलेल, कदाचित लागणारही नाही.

मेसेजात एक गोष्ट नाहीच, ती म्हणजे रांग. वाट बघून मगच नंबर लावला, की खरं थांबणं तिथून सुरू होतं. कानाची तपासणी आणि स्पीच थेरपिस्ट, दोन्हीकडे एकाच दिवशी नाव घाला. एकाचा रिपोर्ट येईपर्यंत दुसरीकडचा नंबर पुढे सरकतो. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले तर तिथंच विचारा: कधीपर्यंत बघू, आणि तोवर काय दिसलं नाही तर पुढे कुठं जाऊ? उत्तर त्यांच्यासमोर वहीत लिहा, तारखेसकट. अनोळखी खोलीत मूल आईला चिकटून गप्प बसतं, म्हणून घरी खेळतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फोनमध्ये असू द्या. माझ्या लेकीचा ठोकळ्यांचा व्हिडिओ बघून कानाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘ही हाक कुठून मारलीत?’

मूल मधल्या काळात बोलायला लागलं, तर अपॉइंटमेंट एका फोनवर रद्द होते.