रंगाचं लाकूड चुलीत घालू नका

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकूंचं जुनं घर पाडलं. घरकुलाचा पहिला हप्ता जमा झाला होता, जागा मोकळी करायची होती. मयाली (छताच्या तुळया) आणि चांगले फाटे लाकूडवाल्याने दुपारीच ट्रॅक्टरमध्ये भरून नेले. सागवान आहे, त्याला भाव येतो. मागं उरली मोडकी चौकट, खिडक्यांचे तुकडे, दोन रंगीत फळ्या आणि एक हिरवं दार. संध्याकाळी त्यातलीच एक फळी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत जळत होती. रंगाला फोड यायचे, फुटायचे, आणि डोळ्यांत झोंबणारा धूर अंगणभर पसरत होता. नातू तिथंच शेकत बसला होता.

मी म्हटलं, "काकू, हे नका जाळू."

"लाकूड तं लाकूडच हाय ना बापू. पानी तपलं म्हंजे झालं."

त्यांची चूक नाही. सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि ही फळी फुकट, घरचीच. त्यांना आजवर कुणी सांगितलंच नाही, म्हणून मी हे लिहितोय.

त्या दाराची मोडकी कड मी निरखून पाहिली. कांद्यासारखे थर होते: वर हिरवा, खाली निळा, त्याखाली पिवळा, तळाशी फिकट गुलाबी अस्तर. जुन्या ऑईलपेंटच्या पिवळ्या रंगात बहुतेकदा लेड क्रोमेट असायचं, म्हणजे शिसं. हिरव्यातही अनेकदा तोच पिवळा मिसळलेला असे. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्या देशात 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी, आणि लागू झाली नोव्हेंबर 2017 पासून. पाडली जाणारी घरं त्याच्या कितीतरी आधीची आहेत.

शिसं जळून नाहीसं होत नाही. थोडं धुरात जातं, बाकीचं राखेत राहतं. किलोभर लाकडाची मूठभर राख होते, म्हणजे विष त्या मुठीत दाट होऊन बसतं. आणि आपल्याकडे राख फेकत नाहीत! तिनं भांडी घासतात. सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, वांग्यांवर आणि वालाच्या वेलावर मावा आला की तीच राख धुरळतात. बियाण्याच्या चवळीला, मुगाला कीड लागू नये म्हणून राखेतच घोळून ठेवतात. बाभळीची, पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या झाडांची) राख असेल तर हे सगळं शहाणपणाचं आहे, आपल्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या केलेलं. रंगाच्या लाकडाची राख त्याच डब्यात पडली की तेच शहाणपण ताटात शिसं वाढतं. लहान पोरांच्या मेंदूला शिशाची अमुक मात्रा चालते असं नाही. सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रंगाचंच नाही. कुंपणाच्या खांबांना आपण जळकं ऑईल पाजतो, बुडाला डांबर लावतो. वाळवीसाठी चौकटीत बीएचसी या कीटकनाशकाची पावडर भरलेली घरं मला माहीत आहेत. तिच्यावर 1997 मध्ये बंदी आली. शहरातून भंगारात येणाऱ्या कपाटांचं प्लायवूड आणि भुश्याचे बोर्ड फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेले असतात, कडेला प्लास्टिकची पट्टी. तेही चुलीत.

तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवून लाकूड टिकवण्याची जगभर गाजलेली पद्धत आपल्याच माणसाने शोधली, सोंती कामेसम यांनी, 1933 मध्ये. लाकूड वर्षानुवर्षं टिकलं, पण आर्सेनिकही त्यातच राहिलं. अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी असं लाकूड करणं थांबवलं गेलं. जर्मनीत 2003 पासून टाकाऊ लाकडाचे चार वर्ग करतात. साधं लाकूड पहिल्या वर्गात, रेल्वेचे क्रिओसोट (डांबरासारखं तेल) पाजलेले स्लीपर चौथ्यात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे वर्ग पाडणं. कारण विष लागलेलं लाकूडही आतून लाकूडच असतं: साधारण चाळीस-पन्नास टक्के सेल्युलोज, म्हणजे तंतू, आणि पाव हिस्सा लिग्निन, म्हणजे ते तंतू जोडून धरणारा घटक. सेल्युलोज फोडलं की साखर, साखरेपासून इथेनॉल किंवा जैविक प्लास्टिकचं लॅक्टिक आम्ल. लिग्निन प्लायवूडच्या गोंदात फिनॉलच्या जागी काही प्रमाणात चालतं. ऑक्झॅलिक आम्लाने धुऊन लाकडातले धातू बरेचसे काढता येतात, मात्र ते पाणीही मग सांभाळावं लागतं, नाल्यात सोडून भागत नाही. लाकूड कुजवणारी पांढऱ्या कुजीची बुरशी कीटकनाशकांसारखी चिवट रसायनं मोडते, हे 1985 मध्येच दाखवलं गेलं. आपण धिंगरी अळिंबी लावतो, तीही याच जातकुळीची. पण रंगाच्या भुश्यावर खायची अळिंबी कुणी लावू नये, ती धातू शोषून घेते. आणि अशा लाकडाचा कोळसा करून बायोचार म्हणून शेतातही टाकू नये. हे प्रयोगशाळेचं आणि कारखान्याचं काम आहे, घरचं नाही.

घरचं काम एकच. वेगळं ठेवणं.

विदर्भाला लाकडाच्या तंतूचं काम नवं नाही. बल्लारपूरला बांबूचा कागद झाला. नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पऱ्हाटीचे बोर्ड करून दाखवले. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे. पण हा लाकडाचा माल गावोगाव चुलीत जात असेल तर कोणता कारखाना उभा राहणार? प्लास्टिक वेगळं करायला पंचायती शिकल्या. मग घरकुलाची यादी हातात असताना, कोणतं घर कधी पडणार हे ठाऊक असताना, रंगाचं लाकूड एका टिनाच्या छपराखाली जमा करणं खरंच इतकं अवघड आहे का? सुतारभाऊंनो, आरामशीनवाल्यांनो, तुमच्याकडेही एक वेगळा ढीग करा. आणि जुना रंग कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, पोरांना लांब ठेवा.

ग्रामसभेत हा विषय घ्यावा म्हणून मी अर्ज दिलाय. ते हिरवं दार आणि उरलेले तुकडे काकूंकडून एक खाचरभर (बैलगाडीभर) पऱ्हाटीच्या बदल्यात आणले, आमच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली ठेवलेत. त्या दिवशी जळलेल्या फळीची राख काकूंनी तेलाच्या जुन्या डब्यात भरून झाकण लावलंय. कुठं टाकू, असं त्या मला दोनदा विचारून गेल्या. मी तालुक्याला दोन ठिकाणी विचारलं. डबा अजून त्यांच्या ओट्यावरच आहे.