मास्तरांनी हात लावायचा नाही

स्काऊट मास्तर व्हायला एकच पात्रता लागते. आधीचे स्काऊट मास्तर निवृत्त होताना जी स्टाफ मीटिंग होते, तिला तुम्ही गैरहजर असायला हवं. मी मेव्हण्याच्या लग्नात होतो. परत आलो तर माझ्या टेबलावर एक शिट्टी, कोठीच्या खोलीची किल्ली आणि 'मी ही जबाबदारी स्वेच्छेने स्वीकारत आहे' असा टाइप केलेला अर्ज ठेवला होता. चळवळ स्वयंसेवी, तेव्हा निदान सही तरी माझी स्वतःची हवी होती. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "सर, आठवड्याला एखादा तास द्यायचा. बाकी सगळं मुलंच करतात."

त्यातला तास खोटा निघाला. मुलंच सगळं करतात हे मात्र अक्षरशः खरं आहे, आणि सगळा त्रास तिथेच आहे.

मी गणित शिकवतो. पोरगं फळ्यापाशी अडलं की जेमतेम दहा सेकंद कळ काढायची, मग "सरक बाजूला" म्हणून त्याच्या हातातला खडू काढून घ्यायचा आणि उदाहरण आपणच सोडवून टाकायचं, हा आमचा धंदा. त्यावर घर चाललं, पोरंही पास झाली. स्काऊटमध्ये नेमकं हेच करायचं नसतं. पोरगं चुकत असताना डोळ्यांनी बघायचं आणि गप्प बसायचं. एका गणिताच्या मास्तराला याहून मोठी शिक्षा मला तरी सुचत नाही.

हे ज्ञान मला बेसिक कोर्सला मिळालं. कोर्स ७ दिवसांचा आणि निवासी. जिल्हाभरातले माझ्यासारखेच कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बारशाला, कुणाच्या दहाव्याला गेलेले मास्तर तिथे जमले होते. आम्हालाही मुलांप्रमाणे संघांत वाटलं. आमचा संघ घुबड. प्रत्येक संघाची आरोळी असते आणि ती त्या त्या प्राण्यापक्ष्याची. त्यामुळे पहाटे सहा वाजता, नाश्त्याआधीची गोळी पोटात गेलेले आठ संसारी गृहस्थ ओळीत उभे राहून घुबडाच्या आवाजात घुमत होते. पलीकडे संस्थेतल्या राजकारणात मुरलेले एक उपमुख्याध्यापक लांडगा संघात मिळाले होते. त्यांची आरोळी मात्र पहिल्याच दिवशी अस्सल निघाली.

त्यानंतर बी.पी.चे सहा व्यायाम. हे बी.पी. म्हणजे स्काऊट चळवळीचे जनक लॉर्ड बेडन-पॉवेल. आमच्यातल्या निम्म्यांना दुसरंही होतं. पहिला व्यायाम डोक्याचा आणि मानेचा, त्याला कुणाची हरकत नव्हती. पुढे छाती, पोट, कंबर असं करत सहावा पायांवर येतो आणि त्यात चवड्यांवर बसून उठायचं असतं. आमच्या संघातले दोघे बसले आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पूर्ण असे उठलेच नाहीत.

दुपारच्या व्याख्यानांना झोप यावी अशी पुरेपूर सोय होती, पण एक गोष्ट मला जागं ठेवून गेली. दक्षिण आफ्रिकेत १८९९-१९०० मध्ये मॅफेकिंग गावाला २१७ दिवस वेढा पडला होता. माणसं कमी, म्हणून निरोप पोचवायचं काम गावातल्या पोरांवर टाकलं, आणि पोरांनी ते चोख केलं. बेडन-पॉवेल तिथले सेनाधिकारी. त्यांच्या ते डोक्यात राहिलं. १९०७ साली ब्राऊनसी बेटावर त्यांनी मुलांचं पहिलं शिबीर भरवलं, त्यात मुलांचे चार संघ केले आणि कारभार मुलांतल्याच संघनायकांच्या हाती दिला. बड्या शाळांतली मुलं आणि कामगारांची मुलं एकाच तंबूत. प्रशिक्षक म्हणाले, "तात्पर्य काय, तर जबाबदारी दिली की मूल ती घेतं. आपण हात लावायचा नाही. हात शिवशिवले की पाठीमागे बांधायचे." मी मागच्या ओळीतून एवढंच मनात म्हटलं की मॅफेकिंगमधल्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता.

ते पुढे आपल्याकडच्या इतिहासावर आले. १९०९ मध्ये भारतात पथकं सुरू झाली ती गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय यांच्यासारख्यांनी वेगळ्या संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर त्या सगळ्या एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स झालं आणि पुढल्या वर्षी गाईड्सही त्यात आल्या. एवढ्या मोठमोठ्या माणसांच्या संघटनांचं विलीनीकरण कुणीतरी करून दाखवलं याबद्दल मला फार आदर आहे. माझ्या पथकातल्या वाघ आणि कोल्हा संघांना मी अजून एका सतरंजीवर बसवू शकलेलो नाही.

परत आल्यावर पालक सभा घेतली. मी स्काऊटचे ९ नियम सांगितले, विश्वासू, विनयशील, काटकसरी वगैरे. मग पायऱ्या सांगितल्या : प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. पहिला प्रश्न आला, "दहावीला याचे मार्क मिळतात का?" दुसरा प्रश्न, "शिबिरात गरम पाण्याची सोय आहे का?" तिसरा प्रश्न विचारणाऱ्या वडिलांनी मधल्या पायऱ्या वगळून थेट राष्ट्रपतींकडे जाता येईल का, तेवढं बघायला सांगितलं.

प्रत्येक स्काऊटने रोज एक सत्कृत्य करून ते वहीत लिहायचं असतं. वह्या तपासताना माझ्या लक्षात आलं की 'आज आईला भांडी घासायला मदत केली' हे वाक्य सुरेख, वळणदार आणि चांगल्या तीसपस्तीस वर्षं मुरलेल्या अक्षरात लिहिलंय. म्हणजे भांडीही आईने घासली आणि नंतर हात पुसून नोंदही तिनेच केली. मी त्या मुलाला विचारलं, "यात तुझं काय?" तो म्हणाला, "सर, वही मी आणली."

खरी कमाईचीही तीच गत. मुलांनी स्वतः कष्टाचं काहीतरी करून चार पैसे मिळवावेत ही मूळ कल्पना. आमच्याकडे तिचा खाद्यमहोत्सव झाला होता. भेळ आई करायची, क्यूआर कोडचा पुठ्ठा बाबा धरायचे, आणि गळ्यात स्कार्फ घातलेलं चिरंजीव शेजारच्या स्टॉलवर वडापाव खायचं. सामानाला दोन हजार घालून सतराशेची खरी कमाई झाली की सगळे एकमेकांचं अभिनंदन करायचे. मी म्हटलं, यंदा स्टॉल नाही. संघाने गल्लीत फिरायचं आणि काम मागायचं. मोर संघ एका जुन्या वाड्यात गेला. तिथल्या आजोबांनी वीस रुपयांत अख्ख्या वाड्याची जळमटं काढून घेतली, माळ्यावरची पाच पोती खाली उतरवली आणि वर 'काटकसर' या विषयावर पाऊण तास ऐकवलं. वाटेत भेटलेल्या एका सद्गृहस्थांनी हा बालमजुरीचा प्रकार तर नाही ना, अशी चौकशी केली. गरुड संघाने पाच स्कूटर धुतल्या, त्यातल्या दोन नंतर सुरू झाल्या. पोरं मात्र त्या सुटल्या नाण्यांकडे अशा नजरेने बघत होती की मी हिशोबाला हात लावला नाही. तो चुकलाच होता. पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं आपोआप बेरीज करत होती.

खुणांचा माग हा प्रकार मी अजिंक्यताऱ्यावर करायचं ठरवलं. गड साताऱ्याच्या डोक्यावरच आहे, पोरं वाटा जाणतात, आणि कुणी हरवायचं म्हटलं तरी हरवून हरवून थेट राजवाड्यावरच येणार. कोल्हा संघाने पुढे जाऊन वाटेत खुणा मांडायच्या, बाकीच्यांनी त्या वाचत मागून यायचं. दगडांचा बाण म्हणजे या वाटेने चला, फुली म्हणजे इकडे नको. पहिला बाण शेळ्यांच्या कळपाने मोडला. त्यानंतर त्याचं टोक जिकडे वळलं तिकडे वाघ संघ आज्ञाधारकपणे गेला आणि शेळ्यांच्या मालकाला गाठून त्याच्यापुढे सॅल्यूट ठोकून उभा राहिला. तो बिचारा शेळ्या सोडून पळायच्या बेतात होता.

उरलेल्यांना घेऊन मी चढत राहिलो. मंगळाईच्या देवळाच्या अलीकडे वाटेच्या मधोमध ठसठशीत खूण सापडली : गोल आणि मधे टिंब. मी खूश झालो. या खुणेवर मी वर्गात तासभर बोललो होतो. 'मी घरी गेलो' असा तिचा अर्थ, मागाची ती शेवटची खूण. बेडन-पॉवेल १९४१ मध्ये केनियात वारले. न्येरी गावी त्यांच्या समाधीच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे, वगैरे. म्हटलं, पोरं इथेच कुठे झुडपामागे दबा धरून बसली असणार. आम्ही झुडपं बघितली. देवळामागे बघितलं. शिट्टी वाजवली, मग आणखी जोरात वाजवली. शेवटी घामाघूम होऊन संघनायकाच्या घरी फोन लावला. आई म्हणाली, "आलाय की सर केव्हाचा. जेवून झोपलाय."

दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या कोल्हा संघाला उभं केलं. संघनायक शांतपणे म्हणाला, "पण सर, आम्ही खूण ठेवली होती." नियमाप्रमाणे बघितलं तर माझ्याकडे बोलायला काही जागा नव्हती. त्याला माग काढण्याचे पूर्ण मार्क द्यावे लागले.

याच कोल्ह्यांनी शिबिरात माझा अंत पाहिला. शिबीर परळीच्या बाजूला, वर सज्जनगड, खाली उरमोडी धरणाचं पाणी. गावच्या शाळेचं मैदान मिळालं होतं. सामान उतरवलं तेव्हा कळलं की स्वतःच्या बॅगेत काय आहे हे एकाही मुलाला ठाऊक नाही, कारण ती कुणीच स्वतः भरली नव्हती. एकाने टॉवेल कुठल्या कप्प्यात आहे हे विचारायला किराणा दुकानदाराच्या फोनवरून आईला फोन केला. एकाच्या बॅगेत चार स्वेटर, बाम, बेसनाचे लाडू आणि आतल्या खिशात घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी निघाली. तो आठवीत आहे.

तंबू उभारायला घेतले. रीफ नॉट मी फळ्यावर आकृती काढून शिकवली होती. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. कोल्हा संघ दोन्ही वेळा उजवं डाव्यावरच घेत होता. अशी गाठ दिसायला तशीच दिसते, ताण आला की सुटते. मी तीन हातांवर उभा. तोंडात वाक्य तयार. हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. संघनायकाने तंबूकडे कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "कसा झालाय सर?" मी म्हटलं, "तुला कसा वाटतो?" हे उत्तर मला कोर्समध्ये शिकवलं होतं. पूर्वी कुणा विद्यार्थ्याला मी इतकं लबाड उत्तर दिलं नव्हतं.

संध्याकाळी बिनभांड्याचा स्वयंपाक. निखाऱ्यात बटाटे आणि वांगी, काठीला कणीक गुंडाळून भाजलेली पोळी. बटाटा बाहेरून कोळसा आणि आतून शेतातून नुकताच उपटलेला. परीक्षक म्हणून प्रत्येक संघाचा एकेक मला खावा लागला. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर मी बोलून दाखवतो, हे इथे कुणाला माहीत नव्हतं ते बरं. वाघ संघातल्या एकाला हात न धुता जेवायला बसलेलं पकडलं तर म्हणाला, "सर, स्काऊट काटकसरी असतो. पाणी वाचवलं."

रात्री परतीच्या पावसाने गाठलं. पहिला ताण आला आणि कोल्ह्यांची गाठ सुटली. तंबू झोपलेल्या आठ जणांवर सावकाश पसरला. मी टॉर्च घेऊन धावलो, तोवर आतूनच आरोळी आली. माझ्या घुबडापेक्षा कितीतरी चांगली होती. मग अंधारातून संघनायकाचा आवाज, "कुणी उठून पळायचं नाही. आधी पांघरुणं. मग बॅगा. मग आपण." दहा मिनिटांत पोरं सामानासकट शाळेच्या व्हरांड्यात होती. त्यातल्या दोघांनी परत जाऊन दोरी सोडवून आणली आणि कंदिलाच्या उजेडात, मी न विचारता, ती उजवं-डावं करत पुन्हा पुन्हा बांधून बघितली. मी भिजून गारठून उभा होतो तर संघनायकाने माझ्या अंगावर स्वेटर टाकला. आठवीतल्याच्या चारपैकी एक होता. बाह्या माझ्या कोपरापर्यंत आल्या.

सकाळी फलकावर ड्युट्या लागल्या. लाकूडफाटा वाघ, पाणी मोर, सफाई गरुड, आणि 'कांदे – सर'. माझा काय संबंध असं विचारणार होतो, पण सही संघनायकाची होती आणि कारभार त्यांच्या हाती दिल्याचं मीच सर्वांना सांगून बसलो होतो. व्हरांड्याच्या पायरीवर पाट घेतला, विळी घेतली आणि बसलो. डोळ्यांतून धारा.

इतक्यात फाटकापाशी गाडी थांबली. चार स्वेटरवाल्याच्या आई, हातात तीन थर्मास आणि कोरड्या कपड्यांची पिशवी. पावसाचं रात्री मोबाईलवर कळलं म्हणाल्या, झोप लागली नाही, तशाच पहाटे निघाल्या. कोल्हा संघाचा नायक पुढे झाला, त्याने कडक सॅल्यूट केला आणि म्हणाला, "काकू, शिबिरात मोठ्यांनी हात लावायचा नाही. सगळं मुलांनी करायचं असतं." काकूंनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. कोपरापर्यंतचा स्वेटर, पुढ्यात कांदे, डोळ्यांत पाणी.

"अरे, मग सरांना का लावलंय कामाला?"

"सर अजून प्रवेशला आहेत काकू," तो म्हणाला आणि माझ्या पाटापुढे आणखी सहा कांदे ठेवून चूल बघायला गेला.