‘हाताने दाबू देऊ नका, प्लग मागा’ हा सल्ला अर्धवट आहे

“अँजिओग्राफीनंतर जांघेतली धमनी हाताने दाबून बंद करणं धोक्याचं. प्लग किंवा टाका घालणारं उपकरण मागा. रक्तस्राव होणार नाही आणि लगेच चालता येईल.” हा संदेश बराच फिरतो आहे. (प्लग म्हणजे तपासणीची नळी काढल्यावर धमनीला राहिलेलं छिद्र बुजवणारं छोटं बूच.) वेळ वाचतो, एवढंच त्यात पूर्ण खरं आहे.

हाताने दाबणं धोक्याचं आहे का? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसार-क्लोजर’ चाचणीत निदानासाठी अँजिओग्राफी केलेले साडेचार हजार रुग्ण होते. रक्तवाहिनीशी संबंधित गुंतागुंत उपकरणाच्या गटांत ६.९ टक्के, हाताने दाबलेल्या गटात ७.९ टक्के. एवढ्या फरकावरून उपकरण अधिक सुरक्षित म्हणता येत नाही. रक्त थांबायला मात्र उपकरणाने साधारण १ मिनिट लागलं, हाताने १०.

“रक्तस्राव होणार नाही” हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. सुई कुठे टोचली गेली, यावर फार काही ठरतं. मांडीच्या हाडाच्या गोलासमोर टोचली तर मागे हाडाचा आधार असतो, दाब नीट बसतो. त्याहून वर गेली तर रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत साचू शकतं. बाहेर पट्टी कोरडी, आत रक्त वाहतंय! प्लग बसवला आहे म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस पाठदुखी, घाम, चक्कर अंगावर काढतो आणि मोलाचा वेळ जातो. ही लक्षणं दिसताच नर्सला सांगायलाच हवं. शिवाय उपकरणाचे स्वतःचे धोके आहेत: क्वचित धमनी अडून पायाचा रक्तपुरवठा घटतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो. धमनी बारीक असेल किंवा तिच्यात कॅल्शियम साचलं असेल, तर डॉक्टर ते टाळतात, आणि ते योग्यच आहे.

“लगेच” म्हणजेही उठल्याउठल्या नव्हे. काही तास झोपून राहणं कमी होतं, इतकंच.

मात्र मांडीतून हृदयाची झडप बसवतात तेव्हा १४ फ्रेंच (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) किंवा त्याहून जाड नळी जाते. तिथे नुसत्या हाताच्या दाबावर सहसा भागत नाही. धमनीला टाके बहुधा जाड नळी घालण्याआधीच घालून ठेवतात.

आणि मनगटाचा तर संदेशात उल्लेखच नाही! मनगटातून अँजिओग्राफी केली तर जागेवरचा रक्तस्राव कमी होतो, हे मोठ्या चाचण्यांतून दिसलं आहे. नंतर मनगटावर बांधतात तो दाबपट्टा मात्र धमनीतला प्रवाह चालू राहील इतपतच आवळायचा, नाहीतर ती बुजू शकते. तेव्हा प्लग मागण्याआधी “माझं मनगटातून होईल का?” हे विचारा.