रणदिवेंनी खिसा सैल करावा का?

परवा एका घरी सत्यनारायणाला गेलो होतो. तीर्थप्रसाद झाला, पुरुषमंडळी पेपर प्लेटा घेऊन गराजमध्ये सरकली आणि पाचव्या मिनिटाला गाडी किंग्जवर आली. आमच्या कॅलिफोर्नियातल्या फॉल्सममध्ये हे ठरलेलंच. नोकरकपात, घरांचे भाव आणि शेजारच्या सॅक्रामेंटोची बास्केटबॉल टीम किंग्ज, चौथा विषय आम्हाला येत नाही. एकजण टीमच्या मालकावर घसरून तावातावाने म्हणाला, "रणदिवे पैसाच काढत नाही रे! जिंकायचं तर खिसा सैल करावा लागतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. पण तोंडात शिरा असताना माणूस किती वाद घालणार? म्हणून हे इथे लांबलचक. ज्यांना बास्केटबॉलशी घेणंदेणं नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आधी थोडं मागचं. विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, जुहूत वाढलेले, एमआयटीत शिकलेले, सॉफ्टवेअरमध्ये पैसा कमावलेले. २०१३ साली किंग्ज सिएटलला जवळजवळ गेलीच होती. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर तिकडच्या खरेदीदारांत होते. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या टीममालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर फेटाळलं आणि रणदिवेंच्या गटाने टीम घेतली, ५३.४ कोटी डॉलर किंमत धरून. तेव्हा ही किंमत ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले होते. आज हीच टीम ३ अब्जांच्या वर धरतात. म्हणजे सामने हरूनही माणूस फायद्यातच आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता लक्झरी टॅक्सचं गणित, म्हणजे खेळाडूंच्या पगारावर ठरल्यापेक्षा जास्त खर्च केला तर मालकाने लीगला भरायचा दंड. भारतातल्या मित्रांना आयपीएलवरून पटकन कळेल. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक टीमला १२० कोटींची पर्स होती. मालकाच्या घरात नोटांची पोती असली तरी १२१ वा कोटी काढता येत नाही. एनबीएत तसं नाही. तिथे मर्यादा आहे, पण ओलांडायची सोय आहे, आणि सोयीला दंड आहे. २०२४-२५ च्या मोसमात टॅक्सची रेषा साधारण १७.०८ कोटी डॉलरवर होती. खेळाडूंचा पगार तिच्यावर गेला की त्या मोसमात पहिल्या पायरीला डॉलरमागे दीड डॉलर दंड होता, आणि जितकं वर चढाल तितका दर चढा, डॉलरमागे सव्वातीन आणि त्याच्याही पुढे. वर गंमत अशी की या दंडातला वाटा रेषेखाली राहिलेल्या टीमांना मिळतो. म्हणजे तुम्ही रेषा एका डॉलरने ओलांडली तरी दंड भरायचा तो भरायचाच, शिवाय हातात येणारा वाटाही गेला. म्हणून मोसमाच्या मध्यावर निम्मे मालक एखाद्या बाकावरच्या पोराला दुसरीकडे धाडून रेषेखाली येण्याची खटपट करत असतात. २०२३ च्या करारापासून तर आणखी वर दुसरी रेषा आली. ती ओलांडलीत की नुसता दंड नाही, हातच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, सात वर्षं पुढचा ड्राफ्टचा पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली आपली पाळी, गोठतो.

रणदिवेंनी २०१३ ते २०२५ या काळात हा टॅक्स एकदाही भरलेला नाही. गराजमधल्या मित्राचं इथपर्यंत बरोबर आहे.

आता ३० एप्रिल २०२३ चा रविवार. त्या वर्षी सासू-सासरे आमच्याकडे आले होते. सासऱ्यांची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. खरड छाटणीच्या दिवसांत बाग मेव्हण्यावर टाकून यावं लागलं म्हणून पहिले पंधरा दिवस ते फोनवरच होते. सोळा मोसमांनंतर किंग्ज प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, गेली होती. इतका मोठा दुष्काळ एनबीएत कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. पहिल्याच फेरीत समोर सॅन फ्रान्सिस्कोचे वॉरियर्स, सात सामन्यांची मालिका ३-३ आणि आता शेवटचा, सातवा सामना. तिकिटं परवडणारी नव्हती, म्हणून आम्ही किंग्जच्या स्टेडियमच्या, गोल्डन वन सेंटरच्या, बाहेरच्या चौकात गर्दीत उभे राहिलो. इथले लोक मॅचला गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन येतात. लेकर्सच्या कोचने पूर्वी कधीतरी सॅक्रामेंटोला गाईगुरांचं गाव म्हणून हिणवलं होतं, तर यांनी घंटाच वाजवायला घेतल्या. सासऱ्यांना हे फारच आवडलं. एक जांभळी घंटा विकत घेऊन त्यांनी ती अशी वाजवली की शेजारचा दाढीवाला त्यांना 'बॉस' म्हणायला लागला.

मालक कोण हे मी सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "रणदिवे म्हणजे आपल्यातलेच की!" दुसरा प्रश्न, "मग समोरच्यांचा मालक कोण?" तिथे मी अडखळलो. कारण किंग्ज घेण्याआधी रणदिवे वॉरियर्सच्याच मालकांपैकी एक होते, तिथला हिस्सा विकून इकडे आले.

हाफटाइमला आपण ५८-५६ ने पुढे. मग वॉरियर्सचा स्टेफ करी सुटला. ५० पॉइंट, सातव्या सामन्यात तोवर कुणी केले नव्हते इतके. पण मला टोचतो तो करी नाही. करी करीच आहे, त्याला कोण अडवणार. मला टोचतो त्यांचा उंच गडी केव्हॉन लूनी. २१ रिबाउंड! वॉरियर्सचा शॉट चुकायचा, बॉल रिंगवर आपटून वर उडायचा आणि लूनी आपल्या सबोनिसच्या पुढ्यातून तो काढून घ्यायचा. परत शॉट. परत लूनी. आपला फॉक्स बिचारा डाव्या हाताचं बोट मोडलेलं असताना खेळत होता, आणि तो डावखुरा. शेवटी १२०-१००. चौकातल्या घंटा एकेक करून गप्प झाल्या.

त्या मोसमात लीगमध्ये सगळ्यांत जास्त लक्झरी टॅक्स कुणी भरला होता? वॉरियर्सने. १६ कोटी डॉलरच्या वर. आपण शून्य.

गाडीत परत येताना सासरे म्हणाले, "एवढी चांगली टीम आहे, अजून एक उंच गडी का नाही घेतला?" मी त्यांना टॅक्स समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे घड दिसायला लागल्यावर फवारणीला हात आखडला."

बास. माझं म्हणणं एवढंच आहे. तो उन्हाळा खर्च करण्याचा होता. ४८ विजय, लीगच्या पश्चिम गटात तिसरा क्रमांक, आपला कोच माइक ब्राउन एकमताने कोच ऑफ द इयर, फॉक्स पंचविशीत, सबोनिस सत्तावीसचा. काय कमी आहे ते लूनीने अख्ख्या गावासमोर दाखवून दिलेलं. त्या उन्हाळ्यात काय केलं? सबोनिसचा करार वाढवला, तो वाढवायलाच हवा होता. बार्न्सला ठेवलं. बाकी किरकोळ. पुढच्या वर्षी ४६ विजय मिळूनही प्लेऑफ हुकला. त्या वेळी दोन-तीन कोटी डॉलर जास्तीचे लावले असते, दंडासकट पाच-सात झाले असते, तर मी रणदिवेंना एक शब्द बोललो नसतो, मग टीम हरली असती तरी.

"मालकाचा पैसा आहे, तुला काय करायचंय," असं कुणी म्हणेल. थांबा. गोल्डन वन सेंटर २०१६ साली उभं राहिलं, त्यात सॅक्रामेंटो शहराचा वाटा साधारण २५.५ कोटी डॉलरचा, आणि त्यातला मोठा भाग पार्किंगच्या उत्पन्नावर उचललेल्या कर्जाचा. डाउनटाउनमध्ये मीटरवर कार्ड सरकवणारा प्रत्येक माणूस या धंद्यातला बिनहिश्शाचा भागीदार आहे. टीमची किंमत पाच-सहापट झाली, त्यातलं त्याला काही मिळणार नाही. तेव्हा निदान विचारायचा हक्क तरी असू द्या.

तरीही गराजमधल्या मित्राशी माझं भांडण आहेच. तो 'आता' खर्च करा म्हणतोय.

आता कशावर? २७ डिसेंबर २०२४ ला माइक ब्राउनला काढलं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा करार वाढवला होता. माणूस सराव घेऊन, पुढच्या सामन्यासाठी विमानतळाकडे निघालेला, आणि फोनवर कळलं. दीड महिन्यात फॉक्स सॅन अँटोनियोला गेला आणि त्या सौद्यात आपल्याकडे झॅक लव्हीन आला. २०२५-२६ चा पगार पावणेपाच कोटी डॉलर. डिरोझन आधीच आलेला. हे दोघे शिकागोत तीन मोसम एकत्र खेळले आणि प्लेऑफचा एकच सामना जिंकले. म्हणजे शिकागोत जे चाललं नाही ते आपण गाठोडं बांधून घरी आणलं. याच्यावर आणखी दंड भरा म्हणता?

आणि रणदिवे कंजूष आहेत हेच मला मान्य नाही. बारा वर्षांत आठ कोच झाले, हंगामी धरून. एनबीएत कोचला काढलं तरी कराराचे पैसे द्यावे लागतात. म्हणजे हा माणूस लोकांना काम *न* करण्याचे पगार वर्षानुवर्षं देतोय! पहिला कोच माइक मलोन २०१४ मध्ये घालवला, त्याने २०२३ ला डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. आपला खेळाडू हॅलिबर्टन इंडियानाला दिला, तो २०२५ ला फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत टीमला घेऊन गेला. सबोनिससाठी दिला हे खरं, आणि सबोनिस नसता तर २०२३ नसतं, तेही खरं. पण २०१८ ला दुसरा पिक हातात असताना पुढे मोठा स्टार झालेला डॉन्चिच सोडून बॅग्ली घेतला, त्याला कुठलं 'पण' लावू? तो पिक जगातल्या कुठल्याही टॅक्सपेक्षा महाग पडला. आणि तिथे पैशाचा प्रश्नच नव्हता, दोघांचे पगार ड्राफ्टच्या ठरलेल्या कोष्टकातले.

पैसा ओतून काय होतं ते बघायचं तर फिनिक्सकडे बघा. तिथले नवे मालक मॅट इश्बिया २०२३ मध्ये आले, आल्या आल्या ड्युरंटला घेतलं, मग बीलला. दुसरी रेषा ओलांडली, हात बांधून घेतले. २०२४ ला पहिल्या फेरीत ४-० साफ, २०२५ ला ३६ विजय आणि प्लेऑफही नाही. त्याच वर्षी ओक्लाहोमा सिटी एक पैसा टॅक्स न भरता चॅम्पियन. पण लगेच "बघा, काटकसर!" म्हणून नाचू नका. त्याच ओक्लाहोमाने २०१२ मध्ये फायनल खेळून आल्यावर थोड्या पैशांच्या फरकापायी हार्डनला ह्यूस्टनला दिलं होतं. ड्युरंट, वेस्टब्रुक, हार्डन, तिघेही पुढे एमव्हीपी, म्हणजे मोसमाचे सर्वोत्तम खेळाडू, झाले, आणि ती टीम परत फायनलला पोचायला २०२५ उजाडलं. सासऱ्यांच्या भाषेत, तिथेही फवारणीच चुकली होती.

तर माझं मत, हवं तर दगड मारा: रणदिवेंनी सध्या टॅक्सच्या रेषेवर एक डॉलर घालू नये. लव्हीन-डिरोझनचे करार संपू द्यावेत, मिळतील ते पिक घ्यावेत, दोन वर्षं हरावं. नवे जनरल मॅनेजर स्कॉट पेरी २०२५ ला आणलेत, त्यांना त्यांच्या खुर्चीत बसू द्यावं. मुलीच्या शाळकरी टीमला कोचिंग करून त्यांनी मोठमोठ्या टीमा हरवल्या होत्या, ते कौतुक आहेच, पण ती बारा वर्षांची मुलं होती. आणि पुन्हा कधी ४८ विजय आले, पुन्हा कुणी लूनी समोर नाचून गेला, तर त्या उन्हाळ्यात मात्र हिशेब करत बसू नये. तेव्हा मी स्वतः पाटी घेऊन चौकात उभा राहीन.

जाता जाता. ती जांभळी घंटा सासरे तासगावला घेऊन गेले. यंदा बेंदराला त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. रंगवलेली शिंगं, पाठीवर झूल, आणि खिलाऱ्याच्या गळ्यात घुंगुरमाळेच्या मध्ये किंग्जची घंटा. खाली लिहिलं होतं, "आमचा बैल जोरात आहे. तुमच्या रणदिव्यांचं काय?"

मी अंगठा पाठवून गप्प बसलो.