घरबसल्या विमानाचे तिकीट

परदेशात गेल्यावर त्या देशातल्या त्या देशात विमानाने फिरायचे असेल, तर तिकीट इथूनच, घरबसल्या, आपल्या क्रेडिट कार्डाने काढून ठेवावे, असा सल्ला हल्ली प्रत्येक जण देतो. मीही देतो. फरक एवढाच की गेल्या महिन्यात मी तो पाळून पाहिला आहे, आणि ‘घरबसल्या’ या शब्दातले बसणे किती दिवसांचे असते हे मला आता नेमके ठाऊक आहे.

प्रसंग अगदी साधा होता. आम्ही दोघे बालीला जाणार होतो. सौभाग्यवतींनी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे, तिथवर जाऊन बोरोबुदूरचा स्तूप न पाहता परत येणे हे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच माघारी फिरण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. बोरोबुदूर जावा बेटावर आहे आणि त्यासाठी बालीतल्या देनपसारहून जावातल्या योग्यकर्त्याला विमानाने जावे लागते. उड्डाण साधारण दीड तासाचे. परंतु बालीचे घड्याळ जावापेक्षा एक तास पुढे असल्यामुळे, निघाल्याच्या अर्ध्या तासात आपण पोहोचलेले असतो. त्या संपूर्ण व्यवहारात झटपट होणारी गोष्ट ती एवढीच, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

तर वाचकहो, सुरुवात नावापासून करावी. आपल्याकडे माणसाला स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन डबे असतात. पासपोर्टवर ते एका क्रमाने जोडलेले असतात, कार्डावर मधल्या डब्याचे एकच अक्षर उरते आणि इंडोनेशियातल्या त्या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर दोनच रकाने असतात. नाव पासपोर्टप्रमाणे भरावे तर ते कार्डाशी जुळत नाही, आणि कार्डाप्रमाणे भरावे तर विमानतळावर अडवतील अशी धमकी तिथेच तांबड्या अक्षरांत लिहिलेली असते. बरे, आडनावाचा रकाना रिकामा सोडण्याची सोय नाही. ज्या देशाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, एकेका शब्दाच्या नावावर राज्य करून गेले, त्या देशाचे संकेतस्थळ माझ्याकडे आडनावाचा आग्रह धरते, याचे मला थोडे कौतुकच वाटले.

त्यानंतर सोळा आकडे मागितले जातील. तिथे कार्डाचा क्रमांक टाकू नये. ते इंडोनेशियन नागरिकाच्या ओळखपत्राचे सोळा आकडे आहेत. कार्डाचे सोळा आकडे पुढच्या पानावर आहेत. तुम्ही विचारता आहात म्हणून सांगतो, असे समजू नका; मी टाकले होते म्हणून सांगतो आहे.

भाड्याच्या आकड्यातल्या टिंबांना घाबरू नये. तिकडे हजारांनंतर स्वल्पविराम नसतो, टिंब असते, त्यामुळे 1.184.000 म्हणजे एक पूर्णांक काहीतरी नव्हे, तर अकरा लाख चौऱ्याऐंशी हजार रुपिया. दोघांचे मिळून आपले तेरा हजार रुपये होतात.

आता पत्ता. कार्डाचे बिल ज्या पत्त्यावर येते तो पत्ता तंतोतंत भरावा, असे तिथे बजावलेले असते. मी तंतोतंत भरू लागलो. प्रांताच्या यादीत अडतीस प्रांत होते आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. पिनकोडाच्या रकान्यात पाचच आकडे मावत होते, कारण त्यांचा पिनकोड पाच आकडी असतो. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या 400602 मधला शेवटचा दोन त्यामुळे बाहेरच राहिला. चाळीसने सुरू होणारे त्यांचे पिनकोड बांडुंगकडचे असतात. 1955 साली आशिया-आफ्रिका परिषदेसाठी नेहरू ज्या बांडुंगला गेले होते, तिथे माझे तळमजल्यावरचे, पाणी सकाळी साडेसहालाच येणारे घर एका क्लिकसरशी जाऊन बसले. प्रांत म्हणून मी पश्चिम जावा निवडला. खोटेच बोलायचे तर निदान सुसंगत बोलावे.

पैसे भरण्याचे जे मार्ग दाखवले जातील ते आदराने वाचावेत आणि सोडून द्यावेत. त्यांतला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कोपऱ्यावरच्या इंडोमारेत किंवा अल्फामार्त या तिकडच्या साखळी दुकानांत जाऊन, मिळालेला क्रमांक सांगून रोख पैसे भरणे. ही सोय खरोखरच उत्तम आहे. मी गोखले रोडवर राम मारुती रोडच्या कोपऱ्यापर्यंत पाहून आलो.

मग उरते कार्ड. आपल्या रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी ऑगस्ट 2009 पासून दुसरी, म्हणजे ओटीपीसारखी, पडताळणी सक्तीची केली. परदेशातल्या विक्रेत्यावर मात्र ती सक्ती चालत नाही, म्हणून 1 ऑक्टोबर 2020 पासून नवे कार्ड परदेशी आणि ऑनलाइन वापरासाठी बंद अवस्थेतच हाती पडते आणि ते चालू करण्याचे काम ग्राहकाकडे येते. नियम शहाणपणाचा आहे, त्यावर माझे काही म्हणणे नाही. तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये जावे, कर्जाच्या तीन जाहिराती बाजूला साराव्यात, ‘आंतरराष्ट्रीय वापर’ असे लिहिलेली कळ सरकवावी, ती हिरवी झाल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि आपले काम झाले असे समजावे. मीही तसेच समजलो.

कार्ड नाकारले गेले. ‘व्यवहार अयशस्वी. कृपया पुन्हा प्रयत्न करा अथवा आपल्या बँकेशी संपर्क साधा.’ मी आज्ञाधारकपणे पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या प्रयत्नानंतर बँकेच्या यंत्रणेला मी चोर वाटू लागलो असणार, कारण एकाच कार्डावर पाठोपाठ प्रयत्न होऊ लागले की ती सावध होते. म्हणजे संकेतस्थळ ज्याला चिकाटी म्हणते, त्यालाच बँक चोरीचा संशय म्हणते.

रक्कम ‘आपल्या सोयीसाठी रुपयांत’ दाखवू का, असे कोणी विचारले तर नको म्हणावे. तो दर दुकानदाराच्या बाजूचा असतो, आणि त्यावरही अनेक बँका वेगळे शुल्क लावतात.

घरात दुसरे कार्ड असल्यास ते बाहेर काढावे. आमच्याकडे सौभाग्यवतींचे होते, मर्यादा चाळीस हजारांची, त्यांतले बारा हजार आधीच खर्च झालेले. संकेतस्थळाने पैसे भरण्याची मुदत 21.40 अशी दाखवली होती. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजत होते. दीड तासाहून जास्त वेळ आहे म्हणून आम्ही आधी जेवायला बसण्याच्या बेतात होतो. ताटे घेतलीही होती. तेवढ्यात मला त्या वेळेपुढची तीन बारीक अक्षरे दिसली. ती जावाची वेळ होती, आणि जावाचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास असते. म्हणजे तिथे साडेनऊ होऊन गेले होते. आमटी वाटीत तशीच राहिली. डाव्या हाताने चष्मा सावरत मी आकडे सांगत होतो, त्या टाइप करत होत्या, ओटीपी आला, भरला, आणि त्याच क्षणी दोन गोष्टी घडल्या. फोनवर बँकेचा संदेश आला की आपल्या कार्डावर तेरा हजारांचा व्यवहार झाला आहे. पडद्यावर संकेतस्थळाचा संदेश आला की आपली मुदत संपली आहे, नव्याने सुरुवात करावी.

नव्याने सुरुवात केली. पुन्हा तेरा हजार गेले, आणि या वेळी पडद्यावर ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असे आले. तिकीट एकही नाही.

इथे एक सल्ला मनापासून देतो. असे झाल्यावर औषधे त्या कार्डावर घेऊ नयेत. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती तीन हात नाक्याजवळच्या औषधांच्या दुकानात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला गेल्या. बिल झाले दोन हजार तीनशे चाळीस. अडकलेले सव्वीस हजार आणि आधीचे बारा वजा जाता कार्डावर उरले होते दोन हजार. दुकानातल्या मुलाने यंत्रात कार्ड तीनदा घातले, चौथ्यांदा ते शर्टाला पुसून घातले आणि मग मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “काकू, दुसरं काही आहे का?” माझी बायको आयुष्यात कोणाचे पाच रुपये ठेवून घेत नाही. ती घरी आली, गोळ्यांची पिशवी नव्हती, आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

असो. दोन्ही हेल्पलाइनना फोन करावा. बँक म्हणेल की पैसे विक्रेत्याने अडवले आहेत, त्याच्याशी बोला. विक्रेता म्हणेल की आमच्याकडे काहीच आलेले नाही, बँकेशी बोला. दोघेही आपल्याला सर म्हणतील. आपल्याकडे व्यवहार फसून पैसे कापले गेले, तर पाच दिवसांत परत करा आणि उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये द्या, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे, तो मी त्यांना वाचून दाखवला. तो देशांतर्गत व्यवहारांना लागू आहे, असे त्यांनी मला नम्रपणे सांगितले. मी म्हणालो, मीही देशांतर्गतच तिकीट काढत होतो. पलीकडच्या मुलीला तो विनोद कळला नाही, आणि खरे तर तो विनोद नव्हता.

पुढचा भाग मला उपरोधाने लिहिता येत नाही, याबद्दल क्षमा असावी.

माझा भाचा ऐरोलीला पैसे देवघेवीची यंत्रणा चालवणाऱ्या एका कंपनीत आहे. तो रविवारी आला, त्याने माझा फोन हातात घेतला, हिरव्या झालेल्या त्या कळीच्या खाली बोटाने पान सरकवले आणि म्हणाला, “मामा, स्विच चालू आहे, पण खाली मर्यादा दहा हजारांवरच आहे. तेरा हजार कसे जातील?” कळीखाली एक बारीक पट्टी होती. ती सरकवायची असते. ती आहे हे ॲप सांगत नाही. मी विचारले की हे बँकेला ठाऊक होते का? तो म्हणाला, “अर्थात. प्रत्येक नकाराला दोन आकडी कोड असतो. शिल्लक नसेल तर 51, कार्डाची मुदत संपली असेल तर 54, त्या वापराची परवानगी नसेल तर 57, मर्यादेबाहेर रक्कम गेली तर 61. आणि काहीच सांगायचं नसेल तर 05.” या 05 चे अधिकृत इंग्रजी नाव आहे ‘डू नॉट ऑनर’. मान राखू नये. एवढा प्रामाणिक शब्द मी बँकेच्या कोणत्याही कागदावर आजवर वाचलेला नाही.

म्हणजे माझे कार्ड पहिल्यांदा नाकारले गेले, त्याच सेकंदाला कारण ठरलेले होते, आकड्यात लिहिलेले होते आणि समुद्रापार जाऊन आलेले होते. ते वाटेतल्या प्रत्येक यंत्राला कळत होते. कळले नाही ते फक्त मला, ज्याचे कार्ड होते त्याला. भाचा म्हणाला की कारण पडद्यावर दाखवले तर चोरलेली कार्डे तपासून पाहणाऱ्यांचे फावते. मान्य. मग पडद्यावर दाखवू नका. माझा नंबर तुमच्याकडे नोंदवलेला आहे. त्याच नंबरवर त्या तीन दिवसांत तुम्ही मला मंजूर झालेल्या कर्जाचे सहा संदेश पाठवलेत. त्यांच्या जोडीला सातवा पाठवायला काय जात होते? ‘आपली परदेशी मर्यादा दहा हजार आहे, ती वाढवा’, एवढे एक वाक्य. चोराच्या हातात माझे कार्ड असेल, माझा फोन नसतो.

आणि फुकट तर तुम्ही काही करत नाही. परदेशी चलनातल्या प्रत्येक व्यवहारावर साडेतीन टक्के घेता, त्या साडेतीन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे तेरा हजारांवर पाचशे सदतीस रुपये. हे पैसे कशाचे? चलन तुम्ही मोजून देत नाही, नोटा बोटीने पाठवत नाही. निदान दार का बंद आहे हे सांगण्याचे तरी ते असावेत. आणि त्या विमान कंपनीनेही कान उघडे ठेवावेत. परदेशी पाहुणे हवेत म्हणून जगभर स्तूपाची छायाचित्रे लावायची आणि त्या पाहुण्याला पाच आकड्यांचा पिनकोड व अडतीस प्रांतांतला एक निवडायला लावायचा, हा आळस आहे. रकान्यात ‘इतर देश’ एवढे दोन शब्द घालायला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. पैसे घेतल्याचे कळल्यावर तिकीट द्यायचे, किंवा तिकीट देता येत नसेल तर पैसे त्याच क्षणी सोडायचे, हे भाजीवालीलाही समजते.

तिकीट शेवटी गोखले रोडवरच्या एजंटाने काढून दिले. त्याचे पैसे मोठ्या एजंटाकडे आधीच जमा असतात, त्यामुळे त्याला ना पिनकोड लागला ना ओटीपी. त्याने सहाशे रुपये जास्त घेतले, चार मिनिटे घेतली आणि चहा विचारला. अडकलेले सव्वीस हजार अकराव्या दिवशी सुटले. कोणाकडून, का, याचा संदेश आला नाही. बँकेकडून मात्र परवा पत्र आले आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल म्हणून. त्यात अभिप्रायासाठी दोनशे अक्षरांची जागा आहे. मी तिथे 61 असे लिहून पाठवले आहे. अर्थ तुमच्या यादीत पाहून घ्या.