आमच्या घरात ज्ञानेश्वर दोन काळांत राहतात

माझं एम. ए. मराठीत, नवऱ्याचं इतिहासात. त्यामुळे आमच्या घरात ज्ञानेश्वर दोन काळांत राहतात. मी त्यांना 'प्राचीन मराठी वाङ्मया'च्या पेपरात शिकले, तो यादवांच्या मागोमाग 'मध्ययुगीन' म्हणून शिकला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९०. त्यावर आमचं भांडण नाही.

परवा लेकीने जेवताना विचारलं, "आधुनिक काळ कधी सुरू झाला?" तो म्हणाला १७०७, औरंगजेब मेला तेव्हापासून. मी म्हटलं १८१८, पेशवाई बुडाली तेव्हापासून. तिने आमटी भुरकत दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाईंनी सांगितलंय तेच लिहिते."

शहाणी आहे. पण मला रात्री झोप लागेना, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

माझ्या विषयात १८१८ ही सरहद्द आहे. त्याआधीचं प्राचीन, नंतरचं अर्वाचीन. शाहीर पहिल्या गठ्ठ्यात जातात. आता प्रभाकर शाहीर घ्या. खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचणारे प्रभाकर १८४३ पर्यंत हयात होते. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं १८३२ साली आणि ते गेले १८४६ मध्ये. म्हणजे 'दर्पण' छापून येत होतं तेव्हा प्रभाकर चांगले हिंडतेफिरते होते. तरी आमच्या हिशेबात एक प्राचीन आणि दुसरे अर्वाचीन. मी दोन्ही पेपर चांगल्या मार्कांनी सुटले आणि हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

हे तीन खण आले कुठून? प्राचीन, मध्य, अर्वाचीन ही मांडणी युरोपात पक्की केली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस क्रिस्टोफ केलर नावाच्या जर्मन शिक्षकाने. त्याचा मध्ययुगाचा शेवट १४५३, कॉन्स्टँटिनोपल पडलं ते साल. त्याच्यापुरतं ठीकच होतं. आपल्याकडची विभागणी मात्र हिंदुस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स मिल या ब्रिटिश लेखकाने केली, हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश अशी. पहिल्या दोन खणांना धर्माचं नाव आणि तिसऱ्याला 'ख्रिस्ती' नाही, ब्रिटिश! हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आला नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती, आणि त्यामुळेच आपण निःपक्षपाती लिहू शकतो असं त्याचं म्हणणं होतं. पुढे लाज वाटून आपण पाट्या बदलल्या. हिंदूचं प्राचीन झालं, मुसलमानीचं मध्ययुगीन, ब्रिटिशचं आधुनिक. भिंती त्याच राहिल्या.

मिलचा हा इतिहासग्रंथ लंडनमध्ये निघाला १८१७ साली. त्याच नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला.

मग १८१८ ला नेमकं काय आधुनिक झालं? पुण्यात तर कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने मुद्दामच फार ढवळाढवळ केली नाही. वतनं बरीचशी ठेवली, ब्राह्मणांना मिळणारी दक्षिणाही एकदम बंद केली नाही, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू केली ती संस्कृत पाठशाळा. छापखाना ही खूण धरायची तर गोव्यात तो १५५६ लाच आला होता. चार वर्षांनी तिथेच इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही आलं. आता गोवा १५६० मध्ये आधुनिक म्हणायचा की मध्ययुगीन?

मुलींच्या बाजूने मोजलं तर मी १८४८ धरेन, भिडेवाड्यातली शाळा. कुणब्याच्या बाजूने मोजलं तर १८३६, कारण त्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी शेताशेताची मोजणी करून तीस वर्षांचा सारा बांधायला सुरुवात केली. त्याआधी प्रिंगलने केलेली मोजणी इतकी फसली होती की लोक जमिनी टाकून निघून गेले होते. शेताला नंबर मिळाला, सारा रोखीत, दुष्काळ असो वा नसो. पुढे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या त्याची मुळं तिथवर पोचतात.

"आम्ही शिवकाळातच आधुनिक होतो" असं म्हणणारे मित्रही आहेत. त्यांचा अभिमान मला कळतो. पण साहेबाचीच पट्टी घेऊन आपली उंची मोजायची आणि वर अभिमान बाळगायचा, हे काही पटत नाही. गुरुजी प्रत्येक पूजेला संकल्पात "कलियुगे प्रथमचरणे" म्हणतात. अजून पहिल्याच चरणात आहोत आपण, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आता घरातली गोष्ट. सासरी पुरंदर तालुक्यात माळ्यावर एक रुमाल सापडला, आत मोडी कागद. एका मोडी जाणकाराकडून दोन वाचून घेतले. पहिल्यावर साल होतं 'समान अशर मयातैन व अलफ', म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार. जुन्या मराठी कागदांत चालणारा शुहूर सन, १२१८. हे साल मृग लागला की बदलायचं, पेरणीच्या हिशेबाने. इसवीत आणलं की १८१७ चा जून ते १८१८ चा जून. पेशवाई बुडाली ते अख्खं वर्ष त्या चार अरबी शब्दांत बसलेलं. दुसरा कागद नऊ वर्षांनंतरचा, कंपनी सरकारच्या नावाने, इसवी सन घातलेला.

मी उत्सुकतेने विचारलं, दोन्हींत फरक काय? जाणकार म्हणाले, "मायना बदललाय. बाकी अक्षर एकाच हाताचं दिसतंय. तक्रारही तीच, वरच्या भावकीने बांध कोरला."

तो बांध अजून तिथेच आहे, थोडा आमच्या बाजूला सरकलेला. पुढची तारीख गणपतीनंतर आहे.