नागपूरचा कोड ४५८

कळमन्यातल्या एका संत्र्याच्या अडत्यांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं, आमच्या मामाचे दोस्त, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, लिहिणारा पोट्टा कधीचाच पुण्याले पळालेला, आणि जिकडेतिकडे एटूआय (atoi), म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांतून आकडा काढणारं सी चं फंक्शन.

"काऊन रे बाबू, एक लाख वीस हजार टाकले तं एकच रुपया काऊन दाखवते?" काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. टाकलं होतं १,२०,०००.

आता एटूआयचं असं आहे की आकडे दिसतात तोवर वाचायचं, स्वल्पविराम आला की हातात असेल ते देऊन मोकळं व्हायचं. "१२ पेटी" दिलं तर १२, "पेटी १२" दिलं तर शून्य, आणि खरंच शून्य टाकलं तरी शून्यच, मग ओळखायचं कसं? आपल्याकडे पत्ता विचारला की माहीत नसलेला माणूस पण छातीठोक "सिद्धे जा" सांगतो ना, तसलंच हे. आकडा इंटच्या (सी मधल्या साध्या पूर्णांकाच्या) मर्यादेच्या, म्हणजे सहसा २१४७४८३६४७ च्या, वर गेला तर काय होईल याची हमी खुद्द सी स्टँडर्डही देत नाही.

म्हणून मग त्याच कामाचं दुसरं फंक्शन, स्ट्रटोल (strtol). गुणी आहे, पण नखरे बघा. आधी एररनो, म्हणजे चुकीची खूण ठेवायचा खाना, आपण शून्य करायचा (तो स्वतः करत नाही), वाचन कुठे थांबलं ते दाखवायला सोबत एक पॉइंटर द्यायचा, तो जागचा हललाच नाही तर आकडा नव्हताच, मधेच थांबला तर पुढे कचरा आहे, एररनोत ईरेंज आलं तर आकडा मावला नाही, आणि एवढं करून हाती येतो लाँग, पूर्णांकाचा दुसरा प्रकार, जो लिनक्सवर सहसा ६४ बिटचा आणि काकांच्या विंडोजवर ३२ चा, म्हणून इंटमधे बसतो का ते वेगळं तपासा. एका पेटीच्या भावासाठी!

पोट्ट्यानं स्ट्रटोल एकाच ठिकाणी वापरलं होतं, एसटीडी कोडच्या खान्यात, ते पण बेस (आकडा कोणत्या पायावर वाचायचा ते) शून्य देऊन. बेस शून्य म्हणजे सुरुवातीला ० दिसला की आकडा अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठच्या पायावर, त्यामुळे अख्ख्या नागपूरचा ०७१२ झाला ४५८. बेस १० दिला असता तरी ७१२ च उरलं असतं, कोडची बेरीज थोडीच करायची आहे राजेहो, तो स्ट्रिंगच, म्हणजे नुसती अक्षरंच, राहू द्या.

आता चुकीचं टाकलं की प्रोग्राम अडतो. काका वैतागले, "जुनं बरं होतं बाप्पा, चूप तं राहत होतं."

स्वल्पविराम मी आधीच उडवून टाकतो. पण कालपासून भावाच्या खान्यात "अंदाजे ४०" येऊन राहिलं आहे.